नवे यंत्र घ्यावे की परिस्थिती निवळेपर्यंत थांबावे?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी तयार करणारा कौटुंबिक कारखाना पत्रलेखिका गेली काही वर्षे सांभाळत आहेत. कामगार चाळीसच्या आसपास आहेत, माल मुख्यतः औषध कंपन्यांना आणि थोडा मद्याच्या कारखान्यांना जातो. आखातातून परतलेल्या थोरल्या भावाला कर्ज काढून छपाई व कटिंगचे नवे यंत्र घ्यायचे आहे. वडिलांचा कर्जाला ठाम विरोध आहे, कारण खाणी बंद झाल्या तेव्हा हप्त्यावर घेतलेले त्यांचे दोन ट्रक दारात उभे राहिले होते. मात्र कारखान्याची सूत्रे पुढे थोरल्या मुलाकडेच जावीत, असेही त्यांच्या मनात आहे. कागदाचे वरखाली होणारे भाव, अमेरिकेच्या आयातशुल्काच्या बातम्या आणि दोन मोठ्या गिऱ्हाइकांचे मोघम बोलणे पाहून पत्रलेखिकेला वाटते की सगळे निवळेपर्यंत काहीच करू नये. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांच्या संशोधनाविषयी त्यांनी वाचले आहे. त्या लिहितात, ‘अनिश्चिततेत थांबावे असे ते सांगतात, आणि व्यवस्थापन सुधारल्याने भारतातल्या गिरण्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली असेही सांगतात. आमचे व्यवस्थापन तसे चांगलेच आहे. मग आधी परिस्थिती निवळू द्यावी, नंतर यंत्र घ्यावे आणि व्यवस्थापनाकडे शेवटी पाहावे, हा क्रम बरोबर आहे ना?’

उत्तर :

तुमचे पत्र नीट विचार करून लिहिलेले आहे आणि तुम्ही मांडलेला क्रम वरवर पाहता समंजस वाटतो. माझ्या मते मात्र तो उलटा आहे. तो तसा का झाला हे पाहण्यासाठी तुम्ही ज्या संशोधनाचा आधार घेतला, तिथूनच सुरुवात करू.

अनिश्चिततेत थांबावे, असा सल्ला ब्लूम यांनी दिलेला नाही. अनिश्चितता वाढली की उद्योग थांबतात, हे त्यांनी दाखवले आहे, आणि या दोन गोष्टींत बराच फरक आहे. २००९ साली ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात क्यूबातील क्षेपणास्त्रांचा पेचप्रसंग, केनेडी यांची हत्या, तेलसंकट, ११ सप्टेंबरचा हल्ला अशा धक्क्यांनंतर काय घडते याचा विचार आहे. अशा वेळी कंपन्या नवी गुंतवणूक आणि नवी भरती एकदम रोखून धरतात, काही महिन्यांनी धूळ खाली बसली की अडवून ठेवलेली कामे एकत्र हाती घेतात, आणि त्यामुळे आधी तीव्र घसरण व नंतर तितकीच वेगवान उसळी दिसते. थांबण्यामागचा प्रत्येक मालकाचा हिशेब स्वतःपुरता बरोबर असतो, कारण जो खर्च केल्यावर मागे घेता येत नाही, तो करण्यापूर्वी आणखी थोडी माहिती मिळण्याची वाट पाहणे फायद्याचे ठरू शकते. परंतु सगळेच थांबले की एकूण उत्पादकता खालावते, कारण ज्यांनी वाढायला हवे ते चांगले उद्योग वाढत नाहीत आणि ज्यांनी आवरते घ्यायला हवे ते कमकुवत उद्योग आवरते घेत नाहीत.

या विवेचनातला महत्त्वाचा भाग ‘मागे घेता येत नाही’ हा आहे. थांबण्याचा फायदा असतो तो केवळ अशा निर्णयांपुरता. तुम्ही मात्र थांबण्याचा निर्णय कारखान्यातील प्रत्येक गोष्टीला सरसकट लावून टाकला आहे. यंत्र घेणे, गोदामाची मांडणी बदलणे, बिघाडांची नोंद ठेवणे आणि गिऱ्हाइकाशी स्पष्ट बोलणे या चार गोष्टी तुमच्या पत्रात एकाच पंक्तीला बसल्या आहेत. त्यांतली पहिली एकदा केली की मोडता येत नाही, निदान नुकसान सोसल्याशिवाय नाही. उरलेल्या तीन जमल्या नाहीत तर पुढच्या सोमवारी बदलता येतात.

म्हणून आधी यंत्राविषयी बोलू. स्वतःला एक प्रश्न विचारा आणि त्याचे उत्तर कागदावर लिहा : सहा महिने थांबले तर आज माहीत नसलेले असे नेमके काय मला तेव्हा कळलेले असेल? उत्तर लिहिता येत नसेल, तर त्या थांबण्यातून तुम्हाला काहीच मिळणार नाही, फक्त सहा महिने जातील. तुमच्या तीन चिंतांना हा प्रश्न लावून पाहिला तर तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात. क्राफ्ट कागदाचे भाव सहा महिन्यांत स्थिरावतील आणि पुढे स्थिरच राहतील, असे या धंद्यातला कोणी जाणता माणूस म्हणणार नाही. रद्दीची आवक, वाहतूक आणि आयात यांवर ते कायमच हलत राहणार. तेव्हा त्यासाठी थांबण्यात अर्थ नाही. त्यावरचा उपाय थांबण्यात नसून करारात आहे : कागदाचा भाव ठरावीक टक्क्यांपलीकडे गेला तर खोक्याचा दर बदलेल, ही अट मोठ्या गिऱ्हाइकांशी लेखी ठरवून घ्या. आयातशुल्काचे धोरण वॉशिंग्टनमध्ये ठरते, त्याची वाट पाहता येईल, पण तुमच्या गिऱ्हाइकांपैकी अमेरिकेला माल पाठवणारे किती आणि गोव्यातून देशातल्या बाजारात पाठवणारे किती, हे तुम्हाला ठाऊक आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. आणि तिसरी चिंता, म्हणजे दोन गिऱ्हाइकांचे मोघम बोलणे, ही तर अनिश्चितताच नव्हे. ती न विचारलेली माहिती आहे. त्यांच्या खरेदी विभागात जाऊन पुढील वर्षाची अंदाजे गरज, त्यांनी दुसरे पुरवठादार कोल्हापूर-बेळगावकडे पाहिले आहेत का, आणि तुम्ही यंत्र घेतले तर ते किमान किती मालाची हमी देतील, हे विचारले तर जे सहा महिने वाट पाहून कळणार नाही ते आठवड्याभरात कळण्याची शक्यता आहे.

वडिलांच्या विरोधाबद्दल भाऊ थोडा अधीरपणे बोलतो असे तुमच्या लिहिण्यावरून जाणवते. त्याला एवढेच सांगा की ती भीती काल्पनिक नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेसह ती उठली, आणि मग फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचे (खाणपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द होऊन १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद झाल्या. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत हप्त्यावर ट्रक घेतलेल्या घरांनी त्या वर्षांत काय भोगले, हे गोव्यात कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र या इतिहासातून दोन गोष्टी निघतात आणि वडील बहुधा एकच पाहत आहेत. त्यांनी पाहिलेला धडा असा की कर्ज घातक असते. दुसरा असा की ज्यांनी ‘सगळे निवळेपर्यंत’ थांबायचे ठरवले, त्यांनाही २०१४ साली निवळल्यासारखे दिसले आणि चार वर्षांत पुन्हा गढूळ झाले. ट्रक बुडाले ते कर्जाने जितके, तितकेच एका मालावर, एका परवानगीवर आणि एका मार्गावर पूर्ण विसंबल्यामुळे. तुमच्या यंत्राला वडिलांची कसोटी लावायचीच असेल तर ती अशी लावा : दोनपैकी एक गिऱ्हाईक गेले तर हप्ता भरता येईल का? याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आज यंत्र घेऊ नये या मताशी मी सहमत आहे. पण मग पुढचे सहा महिने तिसरे गिऱ्हाईक शोधण्यात घालवावे लागतील, बातम्या पाहण्यात नव्हे.

आता तुमच्या दुसऱ्या गृहीतकाकडे वळते. नव्या यंत्राशिवाय उत्पादन वाढणार नाही, हे भावाचे म्हणणे तुम्ही स्वीकारलेले दिसते आणि वाद फक्त ‘कधी’ यावर आहे. पण सध्याचे यंत्र आठ तासांच्या पाळीत प्रत्यक्ष किती तास चालते? पत्रात तुम्ही कामगारांची संख्या लिहिली, कर्जाची रक्कम लिहिली, व्याजाचा दरही लिहिला, पण हा आकडा कुठेही नाही. तो तुमच्याकडे नसावा असा माझा अंदाज आहे.

इथे त्या १७ टक्क्यांच्या प्रयोगाचा तपशील उपयोगी पडेल, कारण तो प्रयोग आपल्यापासून फार दूर झालेला नाही. २००८ पासून ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या उत्तरेला तारापूर आणि उंबरगाव परिसरातील १७ कापड कंपन्या निवडल्या. सर्व कारखान्यांची महिनाभर पाहणी झाली. त्यानंतर काही कारखान्यांना सल्लागारांनी चार महिने रोज सोबत राहून मदत केली, उरलेल्यांना केवळ पाहणीपुरती. मदत होती ती ३८ साध्या पद्धतींची : यंत्रांची ठरलेल्या वेळी देखभाल, बिघाडाची कारणासह नोंद, दोषांचा रोजचा हिशेब आणि त्यावर रोजची बैठक, साठ्याला लेबल लावणे, कामाच्या जागेची स्वच्छता, कामगारांना चांगल्या कामाबद्दल काही बक्षीस. आधीची स्थिती अशी होती की सूत लेबलाशिवाय एकमेकांत मिसळलेले, ओलाव्यापासून न जपलेले पडलेले असे, आणि कापडातले दोष शोधून दुरुस्त करण्यातच सुमारे १९ टक्के मनुष्यबळ गुंतलेले असे. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली आणि वार्षिक नफ्यातील वाढ ३ लाख डॉलरहून अधिक असावी असा अंदाज निघाला. ही वाढ नवे माग विकत घेऊन झालेली नव्हती.

ओलाव्याचा उल्लेख मी मुद्दाम केला. गेल्या पावसात खोकी मऊ पडल्याने एका गिऱ्हाइकाने माल परत पाठवला, हे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकले आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची ओळ तीच आहे. गोव्याच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत कागदाचे रोल जमिनीला टेकून, भिंतीला चिकटून ठेवले असतील, आधी आलेला रोल मागे राहून नंतर आलेला आधी वापरला जात असेल, गोंद सुकायला पुरेसा वेळ मिळत नसेल, तर नवे यंत्र हीच मऊ खोकी अधिक वेगाने तयार करील.

अर्थात त्या गिरण्या आणि तुमचा कारखाना यांत अंतर आहे, आणि ते लपवणे बरोबर नाही. तिथे एका कंपनीत सरासरी पावणेतीनशेच्या आसपास कामगार होते, तुमच्याकडे चाळीस आहेत. १७ कंपन्या ही संख्याही लहान आहे, म्हणूनच संशोधकांनी आठवड्या-आठवड्याची आकडेवारी दीर्घकाळ गोळा केली. तेव्हा तुम्हालाही १७ टक्केच मिळतील असे समजू नका, कमी मिळतील किंवा अधिकही. तसेच मोठ्या सल्लागार कंपनीची फी हा तुमच्या आवाक्यातला आणि गरजेचा खर्च नव्हे. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी केंद्र सरकारची ‘लीन’ (कामातली नासधूस कमी करण्याची) योजना आहे, तीत सल्लागाराच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलते. तिची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा तुमच्या उद्योजक संघटनेत करा. साखळीजवळच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटला प्रकल्पासाठी विद्यार्थी पाठवता येतील का, असेही पत्र लिहून पाहायला हरकत नाही. हे काहीच जमले नाही तरी सुरुवात अडत नाही.

सुरुवात म्हणजे यंत्राशेजारी टांगलेला एक फळा किंवा वही. यंत्र थांबले की वेळ आणि कारण लिहायचे : वीज गेली, साचा बदलला, कागद आला नाही, पट्टा तुटला, ऑपरेटर आला नाही. तुमचे निम्मे कामगार कर्नाटकातले आणि ओडिशातले आहेत असे तुम्ही लिहिता. तेव्हा कारणांसाठी शब्द न ठेवता रंग किंवा खुणा ठेवा, म्हणजे नोंद सुपरवायझरच्या मर्जीवर राहणार नाही. नाकारलेली खोकी भंगारात टाकण्यापूर्वी मोजायची आणि दोषाप्रमाणे वेगळी लावायची, छपाई सरकलेली वेगळी, चिकटवण सुटलेली वेगळी. रोज सकाळी पाळी सुरू होताना पंधरा मिनिटे तुम्ही, सुपरवायझर आणि फिटर यांनी उभ्या उभ्या कालची नोंद पाहायची आणि एकाच गोष्टीवर उपाय ठरवायचा. रोलवर आल्याची तारीख आणि वजन लिहायचे, खाली लाकडी फळ्या टाकायच्या. या सगळ्याला लागणारा पैसा तुमच्या कर्जाच्या एका हप्त्याहून कमी असेल. तीन महिन्यांची नोंद हाती आली, मधली चतुर्थीची सुट्टी वगळून, की यंत्राचा वाद आपोआप वेगळ्या पातळीवर जाईल. सध्याचे यंत्र पाळीतला बहुतेक वेळ खरोखर चालत असूनही ऑर्डर अडत असतील तर भावाचे म्हणणे बरोबर आहे. ते तीन-चार तास उभे राहत असेल तर तुम्ही दुसरे यंत्रही उभे करण्यासाठीच विकत घेणार आहात.

ऑर्डरी मंद असतील तर हे काम करण्याची वेळही हीच आहे, कारण गर्दीच्या दिवसांत देखभालीसाठी तासभर यंत्र बंद ठेवायला कुठल्याच मालकाचा जीव होत नाही.

‘आमचे व्यवस्थापन तसे चांगलेच आहे’ या वाक्याबद्दल रागावू नका, पण ते वाक्य जगभरचे व्यवस्थापक म्हणतात. ब्लूम आणि जॉन व्हॅन रीनन यांनी अनेक देशांतील कारखान्यांच्या व्यवस्थापकांशी दूरध्वनीवरून बोलून १८ पद्धतींना एक ते पाच असे गुण दिले, आणि मुलाखतीच्या शेवटी त्यांनाच विचारले की तुमची कंपनी किती चांगली चालते. बहुतेकांनी स्वतःला सरासरीहून वरचे गुण दिले, आणि त्या गुणांचा कंपनीच्या प्रत्यक्ष कामगिरीशी जवळपास काही संबंध निघाला नाही. कापड गिरण्यांच्या मालकांनीही या पद्धती आधी का स्वीकारल्या नव्हत्या, याचे मोठे कारण त्यांना त्या माहीत नव्हत्या किंवा आपल्याला त्यांची गरज नाही अशी त्यांची खात्री होती, हेच आढळले. पैशाची चणचण हे मुख्य कारण नव्हते.

एक सावधगिरीही सांगायला हवी. २०१७ मध्ये संशोधक त्याच कारखान्यांत पुन्हा गेले तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटलेल्या होत्या. मदत मिळालेले कारखाने तरीही इतरांच्या बरेच पुढे होते, पण सुटण्याची जी कारणे वारंवार सांगितली गेली त्यांत दोन ठळक होती : व्यवस्थापक नोकरी सोडून गेला, आणि संचालकांना वेळ राहिला नाही. तुमच्याकडे दोन्ही कारणे आजच तयार आहेत. सुपरवायझर एकच आहे आणि वेर्णा येथील मोठ्या कारखान्यांकडून त्याला बोलावणे येऊ शकते, शिवाय तुम्ही बँक, बिले, कामगारांचे पगार आणि गिऱ्हाईक यांत दिवसभर अडकलेल्या असता. म्हणून पहिल्या दिवसापासून ही नोंद दोघांना शिकवा आणि सकाळची बैठक तुमच्या गैरहजेरीतही होते की नाही, ते अधूनमधून मुद्दाम गैरहजर राहून पाहा.

सूत्रे कुणाकडे द्यावीत, हा प्रश्न तुम्ही मला विचारलेला नाही, पत्रात तो नुसता ठेवून दिला आहे. तरी एक गोष्ट संशोधनाच्या आधारे सांगता येते. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी येथील कारखान्यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ थोरला मुलगा म्हणून ज्याच्याकडे प्रमुखपद आले अशा कौटुंबिक कंपन्यांचे व्यवस्थापन लक्षणीय कमी प्रतीचे आढळले. दोष कौटुंबिक मालकीत नव्हता, निवडीच्या निकषात होता. आपल्याकडच्या गिरण्यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली : मालकाच्या घरात विश्वासाचे पुरुष किती, यावर कंपनी किती मोठी होणार हे बरेचसे ठरत होते, कारण परक्यावर भरवसा ठेवायची तयारीच नव्हती. घरात कारखाना सांभाळणारी मुलगी असताना त्या मोजणीत ती धरलीच जात नसेल, तर ते कुटुंबाचे नुकसान आहे आणि धंद्याचेही. भावाचा आखातातला अनुभव कशाचा आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. खरेदीचा, विक्रीचा किंवा यंत्रांचा असेल तर त्याचे काम त्याप्रमाणे ठरवा आणि कोणता निर्णय कुणाचा, हे वडिलांच्या देखत लिहून काढा. हा विषय यंत्राच्या वादात मिसळू देऊ नका, कारण मग यंत्राला होकार म्हणजे भावाला होकार आणि नकार म्हणजे त्याला नकार असे होऊन बसते.

काजूचा कारखाना, बेकरी किंवा किनाऱ्यालगतचे छोटे हॉटेल चालवणारे वाचक अशाच आशयाची पत्रे पाठवतात. त्यांनाही मोडता येणारे निर्णय आणि न मोडता येणारे निर्णय अशी विभागणी आधी करून पाहायला सांगेन. हॉटेलला दोन खोल्या वाढवणे हा दुसऱ्या प्रकारचा निर्णय आहे, तर कोणत्या खोलीतली कोणती वस्तू किती वेळा बिघडते हे लिहून ठेवायला पर्यटकांचा हंगाम कसा जाईल याची वाट पाहावी लागत नाही.

तुमच्यापुरते, या महिन्यात करण्याजोगे असे : यंत्र विकणाऱ्याकडून दरपत्रक घ्या पण आगाऊ रक्कम देऊ नका. सहा महिन्यांपर्यंत तोच दर टिकेल का आणि वापरलेले यंत्र मिळेल का, हे त्याला विचारा. जास्तीची ऑर्डर आलीच तर वसाहतीतल्या दुसऱ्या कारखान्याकडून कटिंगचे जॉबवर्क करून घ्या. त्यात नफा थोडा कमी राहील, पण मागणी खरी आहे की बोलण्यापुरती, ते कर्ज न काढता कळेल. दोन्ही गिऱ्हाइकांकडे भावाला सोबत घेऊन जा. आणि बँकेकडे जायची वेळ आली तर ताळेबंदासोबत तीन महिन्यांची यंत्राची नोंदवहीही न्या. त्याआधी ती एकदा वडिलांना दाखवा, कारण हप्ता कशातून फिटणार हे त्यांनाही त्याच वहीत दिसेल, किंवा फिटणार नाही हे तुम्हाला दिसेल.